पाच ठिकाणचे पासवर्ड एका तिजोरीत: आधी ताळमेळ, मग सिंक

मी ठाण्यात पाचपाखाडीला राहते आणि नवी मुंबईतल्या सहा हाउसिंग सोसायट्यांचे हिशेब लिहिते. ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे असा आठवड्याचा फेरा असतो. ठाण्याच्या नऊ-दहा नंबर फलाटावरून ट्रान्स हार्बरची लोकल पकडायची आणि खांद्याला लॅपटॉपची बॅग.

गेल्या वर्षी एका महिन्याच्या ७ तारखेला मी घणसोलीच्या सोसायटीच्या ऑफिसात होते. टीडीएस भरायची शेवटची तारीख. त्या बँकेच्या कॉर्पोरेट नेट बँकिंगवर माझा ‘मेकर’ लॉगिन आहे. मी एन्ट्री टाकायची आणि सेक्रेटरींनी ती मंजूर करायची. लॅपटॉप त्या दिवशी घरी राहिला होता, म्हणून फोनवरून लॉगिन करायला गेले. फोनने तीन पासवर्ड पुढे केले. पहिला चुकला, दुसरा चुकला, तिसरा दाबला आणि युजर लॉक झाला. दुपारचे साडेचार वाजले होते आणि कॉर्पोरेट युजर पुन्हा सुरू करायचा तर सोसायटीच्या लेटरहेडवर शाखेत अर्ज द्यावा लागतो. टीडीएस दुसऱ्या दिवशी गेला. उशीर झाला की दरमहा दीड टक्का व्याज, आणि एक दिवस उलटला तरी पूर्ण महिना धरतात. व्याज मी माझ्या फीमधून वळतं करून दिलं. सेक्रेटरी एवढंच म्हणाले, “ताई, तुमच्याकडून असं होईल असं वाटलं नव्हतं.”

घरी येऊन एकेक ठिकाण उघडून पाहिलं तेव्हा उलगडा झाला. त्याच बँकेत माझं स्वतःचं बचत खातं आहे आणि दुसऱ्या एका सोसायटीचंही खातं आहे. युजर आयडी एका पानावर आणि पासवर्ड पुढच्या पानावर, अशी त्या साइटची रचना. त्यामुळे ब्राउझरने तिन्ही पासवर्ड युजरनेमशिवाय साठवले होते. फोनवरचे तीन म्हणजे एक माझ्या बचत खात्याचा, एक दुसऱ्या सोसायटीचा आणि एक ह्याच लॉगिनचा, पण जुना, तीन महिन्यांपूर्वी बदलून टाकलेला. चालू पासवर्ड लॅपटॉपवरच्या फायरफॉक्समध्ये होता.

त्यानंतर दोन शनिवार-रविवार घालवून मी सगळे पासवर्ड एका तिजोरीत, म्हणजे पासवर्ड सांभाळणाऱ्या एका अ‍ॅपमध्ये, आणले. ते कसं केलं, ते इथे क्रमाने लिहिते. सिंक, म्हणजे तेच पासवर्ड सगळ्या डिव्हाइसवर आपोआप पोहोचणं, चालू करणं हे ह्यातलं सगळ्यात सोपं काम आहे, दोन बटणांचं. अवघड असतो तो ताळमेळ. एकाच खात्याचे तीन पासवर्ड असतील तर त्यातला खरा कुठला, हे आधी ठरवावं लागतं. ते न ठरवता सिंक केलं तर तोच गोंधळ प्रत्येक डिव्हाइसवर पोहोचतो.

मोजदाद

कॉम्प्युटर सुरू करण्याआधी कागद घ्या आणि पासवर्ड कुठे कुठे आहेत ते लिहा. आकडासुद्धा लिहा, कारण शेवटी मेळ त्याच आकड्याशी घालायचा आहे. माझी यादी अशी निघाली: क्रोममध्ये घरच्या गूगल खात्याखाली २१४, कामाच्या गूगल खात्याखाली १३१, फायरफॉक्समध्ये ९६, आणि कीपास ह्या पासवर्ड ठेवायच्या प्रोग्रॅममध्ये पूर्वी केलेल्या फाइलच्या दोन प्रती. त्यातल्या पेन ड्राइव्हवरच्या प्रतीत ५८, गूगल ड्राइव्हवरच्या प्रतीत ६३. एकूण ५६२. शिवाय लाल कापडी बांधणीची वही, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवलेले मेसेज. हे व्हॉट्सअ‍ॅपवाले मोजताना पोटात गोळा आला. फोन अनलॉक असताना कुणीही ‘पासवर्ड’ असं शोधलं असतं तर सगळे एका ओळीत मिळाले असते.

क्रोमच्या बाबतीत एक तपासा. फोन आणि लॅपटॉप दोन्हीकडे एकच गूगल खातं असलं तरी सिंक खरंच चालू आहे का ते बघा. सिंक बंद असेल तर फोनवरचे पासवर्ड वेगळे आणि लॅपटॉपवरचे वेगळे. मग त्या दोन जागा धरायच्या.

कुठली तिजोरी

तुमच्या घरात सगळेच अँड्रॉइड आणि क्रोम वापरत असतील तर गूगल पासवर्ड मॅनेजर पुरतो, दुसरीकडे जायची गरज नाही. सगळंच अ‍ॅपलचं असेल तर आयफोन, आयपॅड, मॅक यांच्यात त्यांचं पासवर्ड्स अ‍ॅप छान चालतं. पण अँड्रॉइडवर ते मिळत नाही. आमच्याकडे माझा फोन अँड्रॉइड, लॅपटॉप विंडोज आणि नवऱ्याचा आयफोन. म्हणून मी बिटवॉर्डन घेतलं. २०१६ पासून चालू आहे, कोड सगळ्यांना तपासायला खुला आहे, आणि फुकटच्या खात्यातही पासवर्ड कितीही आणि डिव्हाइस कितीही चालतात. दुसऱ्या एका नावाजलेल्या कंपनीने, लास्टपासने, २०२१ च्या मार्चपासून फुकट वापरणाऱ्यांना कॉम्प्युटर किंवा मोबाइल यांपैकी एकच प्रकार निवडायला लावला. त्यामुळे हा मुद्दा मी नीट पाहून घेतला.

क्लाउडवर काहीच ठेवायचं नाही असं ज्यांचं ठाम मत आहे त्यांनी कीपासएक्ससी वापरावं. सगळे पासवर्ड एका कुलूपबंद फाइलमध्ये असतात आणि ती फाइल कुठे ठेवायची, कशी फिरवायची ते तुमच्या हातात. पण मग दोन डिव्हाइसवर एकाच वेळी बदल झाले की फाइलच्या दोन प्रती होतात आणि त्या आपणच जोडायच्या. माझी ५८ आणि ६३ ची जोडी तशीच जन्माला आली होती.

मास्टर पासवर्ड आणि कागद

बिटवॉर्डनचं काम थोडक्यात असं चालतं: तुमच्या मास्टर पासवर्डपासून, म्हणजे तिजोरी उघडायच्या पासवर्डपासून, किल्ली तयार होते, तिजोरी तुमच्याच डिव्हाइसवर कुलूपबंद होते आणि कुलूपबंद अवस्थेतच सर्व्हरवर जाते. दुसरं डिव्हाइस ती तशीच उतरवून घेतं आणि स्वतःकडे उघडतं. मास्टर पासवर्ड कंपनीकडे नसतो, म्हणून तो विसरलात तर कुणीही तिजोरी उघडून देऊ शकत नाही. आणि तो कच्चा असेल तर कुलपाला अर्थ उरत नाही. २०२२ मध्ये लास्टपासकडून ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या बॅकअप प्रती चोरीला गेल्या. त्यातले पासवर्ड कुलूपबंद होते, पण वेबसाइटचे पत्ते उघडे होते. चोरलेली प्रत चोराकडेच असते, त्यामुळे मास्टर पासवर्डचे अंदाज तो कितीही वेळा बांधून बघू शकतो.

मी पाच मराठी शब्द घेतले. जाडजूड शब्दकोश डोळे मिटून पाच वेळा उघडला आणि बोट पडलं तो शब्द. मनाने निवडलेले शब्द घेऊ नका, मन नेहमी ओळखीचंच काढतं: मुलांची नावं, कुलदैवत, गाव. उदाहरणार्थ पत्रावळी, सुई, हुंकार, घाट, चौरंग. हे मी आत्ता लिहिण्यापुरते घेतलेत, तुम्ही हे वापरू नका.

शब्द मराठी असले तरी टाइप रोमन अक्षरांत करा. देवनागरी कीबोर्ड प्रत्येक डिव्हाइसवर वेगळा असतो, आणि डोळ्यांना सारखं दिसणारं जोडाक्षर आतून वेगळ्या तऱ्हेने लिहिलेलं असू शकतं. मग लॅपटॉपवर चालणारा पासवर्ड फोनवर चालत नाही. रोमनमध्येही ‘चौरंग’ दोन-तीन प्रकारे लिहिता येतो, म्हणून एकच स्पेलिंग पक्कं करून घ्या.

खातं उघडताना ते अमेरिकेच्या सर्व्हरवर की युरोपच्या, असं विचारतात. कुठलंही निवडा, पण काय निवडलं ते लक्षात ठेवा. दोन्ही वेगवेगळी दुकानं आहेत. दुसऱ्या डिव्हाइसवर चुकीचं निवडलंत तर बरोबर पासवर्ड टाकूनही आत जाता येत नाही.

आता एक कागद हाताने लिहा: ईमेल, मास्टर पासवर्ड, सर्व्हर, आणि त्या ईमेलचासुद्धा पासवर्ड. ईमेलचा कशाला? दुहेरी पडताळणी (पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणं) लावलेली नसेल तर नव्या डिव्हाइसवर पहिल्यांदा लॉगिन करताना बिटवॉर्डन ईमेलवर कोड पाठवतं. ईमेलचा पासवर्ड फक्त तिजोरीतच असेल तर तिजोरीची किल्ली तिजोरीतच अडकते. हा कागद स्टेशनाबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट करू नका, फोटो काढू नका. पेनाने लिहा, पाकिटात घाला, कपाटाच्या लॉकरमध्ये ठेवा.

बाहेर काढणं

सगळे एक्स्पोर्ट एकाच कॉम्प्युटरवर, एकाच बैठकीत करा. फोनवर करू नका. तिथली डाउनलोडची फाइल कुठल्या बॅकअपमध्ये कधी जाते ते कळतही नाही. विंडोजवर डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे फोल्डर बऱ्याचदा आपोआप वनड्राइव्हवर चढत असतात, म्हणून मी थेट सी ड्राइव्हवर ‘मेळ’ नावाचा फोल्डर केला आणि सगळं त्यात ठेवलं. ह्या फाइली म्हणजे साधा मजकूर असतो. नोटपॅडमध्ये उघडली की सगळे पासवर्ड डोळ्यांसमोर.

क्रोममध्ये तीन ठिपके, मग ‘पासवर्ड्स अँड ऑटोफिल’, ‘गूगल पासवर्ड मॅनेजर’, तिथल्या सेटिंग्जमध्ये एक्स्पोर्ट. ते विंडोजचा पिन विचारतं आणि सीएसव्ही फाइल, म्हणजे साध्या मजकुरातला तक्ता, देतं. दुसऱ्या गूगल खात्यासाठी प्रोफाइल बदलून पुन्हा तेच. फायरफॉक्समध्ये मेनूतून ‘पासवर्ड्स’ उघडा. वरच्या तीन ठिपक्यांत एक्स्पोर्ट आहे. मॅकवर पासवर्ड्स अ‍ॅपच्या ‘फाइल’ मेनूत ते मिळेल.

कीपासच्या दोन प्रती असतील तर सीएसव्ही काढण्याआधी त्या आपापसात जोडा. कीपासएक्ससीमध्ये एक प्रत उघडा, ‘डेटाबेस’ मेनूतून ‘मर्ज’ निवडून दुसरी दाखवा. एकाच मूळ फाइलच्या प्रती असल्या की आतल्या नोंदींचे ओळखक्रमांक सारखे असतात. मग ज्या नोंदीत नंतर बदल झालाय ती राहते आणि जुनी तिच्याच इतिहासात जाते. मी जोडण्याआधी दोन्ही प्रती वेगळ्या ठेवून घेतल्या होत्या, ती सवय तुम्हीही ठेवा.

ताळमेळ

इथे घाई करू नका. मला ह्यालाच एक पूर्ण रविवार लागला.

सीएसव्ही फाइलवर डबल क्लिक करून एक्सेलमध्ये उघडू नका. उघडलीत तर सेव्ह करू नका. एक्सेल प्रत्येक रकाना स्वतःच्या समजुतीने वाचतं. आमच्या महावितरणच्या बिलावरचा ग्राहक क्रमांक १२ आकडी आहे आणि शून्यांनी सुरू होतो. तो मी त्या नोंदीच्या टिपेत ठेवला होता. एक्सेलने सुरुवातीची शून्यं गाळली. पीएफचा यूएएनही १२ आकडी. तो ‘ई’ अक्षर असलेल्या दशांशी रूपात दिसायला लागला, आणि सीएसव्ही म्हणून सेव्ह केलं की जे दिसतं तेच फाइलमध्ये जातं, मूळ आकडा गेला. बरोबरच्या चिन्हाने सुरू होणारा पासवर्ड तर सूत्र समजून मोडला जातो.

मी लिब्रेऑफिस कॅल्क वापरलं. ते उघडतानाच एक चौकट दाखवतं. त्यात यूटीएफ-८ निवडा, नाहीतर देवनागरीतल्या टिपा वाचता येणार नाहीत. विभाजक म्हणून स्वल्पविराम ठेवा, आणि खालचे सगळे रकाने निवडून त्यांचा प्रकार ‘टेक्स्ट’ करा.

सगळ्या फाइली एका शीटवर आणा. क्रोमचा रकान्यांचा क्रम आहे नाव, पत्ता, युजरनेम, पासवर्ड, टीप. बाकीच्यांचे रकाने त्याच क्रमात बसवा. शेवटी ‘कुठून’ असा माझा एक रकाना मी जोडला: घर, काम, फायरफॉक्स, कीपास. मग पत्त्यावर आणि युजरनेमवर सॉर्ट.

पहिला हात तंतोतंत सारख्या ओळींवर मारायचा. पत्ता, युजरनेम आणि पासवर्ड वरच्या ओळीशी जुळतात का ते सूत्राने तपासता येतं, पण त्यासाठी ‘एक्झॅक्ट’ हे फंक्शन वापरा. नुसत्या बरोबरच्या चिन्हाने तुलना केली तर एक्सेलला लहान-मोठ्या अक्षरांतला फरक कळत नाही, आणि पासवर्डात तोच फरक महत्त्वाचा असतो. कीपासच्या प्रती जोडताना गेलेल्या धरून माझ्या २४१ ओळी इथवर गेल्या. उरल्या ३२१. मग बंद पडलेल्या साइट, एकदाच कधीतरी कुपनासाठी उघडलेली खाती, मुलीच्या दहावीच्या क्लासचं पोर्टल अशा ७४ ओळी काढल्या. उरल्या २४७.

आता राहिली खरी भांडणं: खातं एक आणि पासवर्ड दोन किंवा तीन. माझ्याकडे अशी ३१ खाती निघाली, मिळून ७५ ओळी.

फायरफॉक्सची फाइल इथे फार कामाला येते. पासवर्ड शेवटचा कधी बदलला ते तिच्यात एका रकान्यात असतं. १३ आकडी संख्या दिसते. १ जानेवारी १९७० पासूनचे ते मिलिसेकंद आहेत. त्या संख्येला ८,६४,००,००० ने भागा आणि २५,५६९ मिळवा, उत्तराला तारखेचा फॉरमॅट द्या, झाली तारीख. हा एकच रकाना उघडताना टेक्स्ट करू नका, आकडा म्हणून येऊ द्या. कीपासमध्येही प्रत्येक नोंदीच्या बदलाची वेळ दिसते. क्रोमच्या फाइलमध्ये मात्र तारीख नसते.

तारखेने सुटलं नाही तर लॉगिन करून बघण्याला पर्याय नाही. त्यासाठी माझा नियम कडक आहे. एका साइटवर एका दिवसात दोनच प्रयत्न. दुसरा चुकला की ‘फरगॉट पासवर्ड’. आणि बँकेच्या बाबतीत अंदाजाने एकही प्रयत्न करायचा नाही, सरळ रिसेट, तेही बँकेचं कामकाज चालू असताना आणि कसलीही शेवटची तारीख जवळ नसताना. रिसेट केलेला पासवर्ड लगेच शीटमध्ये. ३१ पैकी ९ खात्यांना रिसेट करावं लागलं. ४४ ओळी गळल्या आणि मेळ बसला: २०३.

दोन ओळी एकच वाटतात पण नसतात, तिथे जपा. बँकेच्या वैयक्तिक आणि कॉर्पोरेट नेट बँकिंगचे पत्ते मागून सारखे, पुढून वेगळे असतात. त्या एक करू नका. नावाच्या रकान्यात स्पष्ट लिहा: ‘घणसोली सोसायटी, मेकर’, ‘माझं बचत खातं’. युजरनेम रिकामं असेल तर तेही ह्याच वेळी भरा. उलट, एकाच खात्याची वेबसाइटसाठी एक आणि मोबाइल अ‍ॅपसाठी एक अशा दोन ओळी क्रोम देतं, अ‍ॅपच्या ओळीचा पत्ता ‘अँड्रॉइड’ने सुरू होतो. त्या मात्र एकच समजा.

लाल वहीतलं आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचं शेवटी हाताने टाका. यूपीआय पिन, एटीएम पिन मी कुठेच लिहीत नाही, तिजोरीतही नाही.

आत घेणं आणि सिंक

‘कुठून’ हा रकाना काढा, शीट सीएसव्ही म्हणून सेव्ह करा, बिटवॉर्डनच्या वेबसाइटवर लॉगिन करून ‘टूल्स’मध्ये ‘इम्पोर्ट डेटा’ घ्या. प्रकार ‘क्रोम सीएसव्ही’. इम्पोर्ट एकदाच करा. आधीच असलेल्या नोंदी तो ओळखत नाही, दुसऱ्यांदा केलंत तर २०३ च्या ४०६ होतात. चुकलंच तर सेटिंग्जमधल्या ‘डेंजर झोन’मध्ये तिजोरी रिकामी करायची सोय आहे. नव्या तिजोरीवर ती वापरायला हरकत नाही, नंतर त्या बटणाच्या वाटेला जाऊ नका.

आता माझ्या ७ तारखेच्या दुखण्यावरचा इलाज. बिटवॉर्डन मुळात पत्त्याचा मुख्य भाग जुळला की पासवर्ड पुढे करतं. म्हणजे त्या बँकेच्या कुठल्याही पानावर माझे तिन्ही लॉगिन दिसणार. हे टाळायला ती नोंद ‘एडिट’ करा, पत्त्याशेजारच्या चाकाच्या चिन्हावर जा आणि ‘मॅच डिटेक्शन’मध्ये ‘बेस डोमेन’च्या जागी ‘होस्ट’ निवडा. मग साइटचं पूर्ण नाव, पुढच्या भागासकट, जुळलं तरच ती नोंद वर येते. सगळ्या बँकांच्या नोंदींना मी हे केलं.

फोनवर आणि बाकीच्या डिव्हाइसवर अ‍ॅप टाकून लॉगिन केलं की तिजोरी आपोआप उतरते. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये ‘पासवर्ड’ किंवा ‘ऑटोफिल’ असं शोधा आणि सेवा म्हणून बिटवॉर्डन निवडा. आयफोनवर ‘जनरल’मधल्या ‘ऑटोफिल अँड पासवर्ड्स’मध्ये तेच. मग चाचणी घ्या: फोनवर एका फालतू खात्याच्या नोंदीत टीप लिहा आणि लॅपटॉपवर बघा. दिसली नाही तर सेटिंग्जमध्ये ‘सिंक नाऊ’ दाबा. नेटवर्क नसताना तिजोरी वाचता येते, बदलता येत नाही. ऐरोलीच्या सोसायटीचं ऑफिस स्टिल्टखाली आहे, तिथे फोनला रेंज नसते. तिथे पासवर्ड बघून कॉम्प्युटरवर टाकते, पण पासवर्ड बदलायचं काम बाहेर येऊनच.

बोटाच्या ठशाने तिजोरी उघडायची सोय लावा, पण ठसा त्या एका फोनपुरताच चालतो. फोन हरवला की नव्या फोनवर मास्टर पासवर्डच लागतो, आणि वर्षभर बोटच लावत आलेल्या माणसाला तो आठवत नाही. म्हणून मी दर सोमवारी लॅपटॉपवर तो हाताने टाइप करते.

तिजोरीला दुहेरी पडताळणी लावा. दर ३० सेकंदांनी बदलणारा तो कोड तिजोरीतच ठेवू नका, वेगळ्या ऑथेंटिकेटर अ‍ॅपमध्ये ठेवा. ती लावल्यावर मिळणारा रिकव्हरी कोड पाकिटातल्या कागदावर उतरवा. कोड चुकतोय असं वाटलं तर आधी फोनचं घड्याळ आपोआप वेळ घेतंय का ते पाहा.

पासकी (पासवर्डऐवजी डिव्हाइसच्या ठशाने किंवा पिनने लॉगिन करायची सोय) मात्र ह्या सीएसव्हीतून येत नाहीत. ज्या साइटवर पासकी केली असेल तिथे जाऊन बिटवॉर्डनमध्ये नवी करा आणि तोवर जुनीला हात लावू नका.

जुनी दारं बंद

प्रत्येक ब्राउझरमध्ये, प्रत्येक प्रोफाइलमध्ये, फोनवरही, ‘पासवर्ड साठवू का’ हे विचारणं बंद करा. एक जरी चालू राहिलं तरी सहा महिन्यांत तिथे पुन्हा दुसरा ढीग साचतो.

जुने साठे मात्र त्याच दिवशी पुसू नका. मी एक महिना थांबले. त्या महिन्यात चार नोंदी चुकलेल्या सापडल्या आणि जुन्या जागी बघून दुरुस्त करता आल्या. मग पुसले. सिंक चालू असताना क्रोममध्ये लॅपटॉपवर पुसलं की फोनवरूनही जातं, हे ध्यानात ठेवा.

‘मेळ’ फोल्डरचं उलट: तो त्याच रात्री गेला पाहिजे. शिफ्ट दाबून डिलीट, रीसायकल बिन तपासा, पेन ड्राइव्हवर कॉपी केली होती का ते आठवा. आताच्या एसएसडी डिस्कवर पुसलेलं पूर्ण पुसलं गेलंच अशी खात्री देता येत नाही, म्हणून हे काम सुरू करण्याआधीच विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन, म्हणजे अख्खी डिस्क कुलूपबंद ठेवायची सोय, चालू आहे ना ते बघून घ्या.

बॅकअप मी टीडीएसच्या तिमाही रिटर्नबरोबर घेते. ३१ जुलै, ३१ ऑक्टोबर, ३१ जानेवारी, ३१ मे ह्या तारखा मला तशाही विसरता येत नाहीत. बिटवॉर्डनच्या एक्स्पोर्टमध्ये कुलूपबंद ‘जेसन’ हा फाइलचा प्रकार निवडा, आणि त्यातही ‘पासवर्ड प्रोटेक्टेड’. दुसरा प्रकार फक्त त्याच बिटवॉर्डन खात्यात उघडतो, म्हणजे खातंच गेलं तर बॅकअपही गेला. ही फाइल पेन ड्राइव्हवर, आणि तिचा पासवर्ड पाकिटातल्या कागदावर.

शेवटची चाचणी नवऱ्याने दिली. उद्या मी आजारी पडले तर घराचं वीज बिल, मालमत्ता कर, माझ्या पॉलिसी हे सगळं त्याला उघडता आलं पाहिजे. मी शेजारच्या खोलीत बसले, पाकीट त्याच्या हातात दिलं आणि त्याच्या आयफोनवर माझी तिजोरी उघडायला सांगितली. पंधरा मिनिटांनी तो दाराशी आला. कागदावर मी पाचही शब्द देवनागरीत लिहिले होते आणि रोमनमध्ये त्यांचं स्पेलिंग काय धरायचं ते त्याला कळत नव्हतं. त्या शब्दांखाली मी एकेक इंग्रजी अक्षर सुटं, मोठं, चौकटीत लिहिलं. तो पुन्हा आत गेला आणि ह्या वेळी दोन मिनिटांत महावितरणचा ग्राहक क्रमांक, सुरुवातीच्या शून्यांसकट, मोठ्याने वाचून दाखवला.